बियाण्याच्या पाकिटातली ती छोटी पुडी

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आमच्या घरात दरवर्षी तोच वाद. ठिबक आहे, विहिरीला थोडंफार पाणी आहे, मग मे महिन्यातच कपाशी लावून मोकळं होऊ असं जिभाऊ म्हणतात, आणि मी म्हणतो जरा थांबा, जूनचा पाऊस पडू द्या. जिभाऊ म्हणजे माझे मोठे चुलतभाऊ, एरंडोल-धरणगाव पट्ट्यात आमची काळी जमीन आहे, सगळं आयुष्य कपाशीत गेलेला माणूस. मी जळगावला क्लासमध्ये बायोलॉजी शिकवणारा आणि रविवारी शेतात जाणारा, म्हणजे माझं कोण ऐकणार. यंदा असंच ओट्यावर बसलेलो असताना ते म्हणाले, "आते ही अळी हुशार हुई गयी रे भो, बीटीलेबी भीत नही."

हे वाक्य खान्देशात प्रत्येक गावात ऐकू येतं. आणि ते अर्धं बरोबर आहे, बीटीला, म्हणजे बीटी कपाशीतल्या विषाला, अळी भीत नाही हे खरं, पण हुशार वगैरे ती काही झालेली नाही. मग नेमकं काय झालं ते मी त्या दिवशी जिभाऊंना तासभर सांगत बसलो, तेच इथे लिहितोय, कारण त्यात जी गंमत आहे (गंमत म्हणायचं की दुर्दैव ते तुम्ही ठरवा) ती बियाण्याच्या पाकिटासोबत यायच्या एका छोट्या पुडीत आहे, आणि ती पुडी आपण सगळ्यांनी कुठेतरी टाकून दिली.

आधी अळीची ओळख. गुलाबी बोंडअळी, जुनी माणसं शेंदरी अळी पण म्हणतात. ही काही अमेरिकेतून बियाण्याबरोबर आलेली नाही, तसा समज बऱ्याच जणांचा आहे. 1842 साली भडोचला, म्हणजे आपल्या तापीच्या पलीकडे नर्मदेच्या काठी, कपाशीचं नुकसान करताना सापडलेल्या किड्यांवरूनच साँडर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे जिभाऊंच्या पणजोबांच्या आधीपासून ती या भागात आहे. पतंग छोटासा, करडा-तपकिरी, रात्रीच उडतो. मादी पात्यांवर (म्हणजे कळ्यांवर), फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते, तीन ते पाच दिवसात अळी बाहेर येते आणि लगेच आत शिरते. इथेच फवारणी हरते. तुम्ही वरून कितीही महागडं औषध मारा, बाई आत सरकी खात बसलेली असते आणि आत शिरलेलं भोक पण बुजून जातं, बोंड वरून हिरवंगार. फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्याने शिवून टाकते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं, त्याला आपण डोमकळी म्हणतो. डोमकळी दिसली की समजायचं पाहुणी घरात आलेली आहे.

आता बीटी. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस, मातीत राहणारा एक साधा जिवाणू. 1901 मध्ये जपानमध्ये रेशमाच्या अळ्या पटापट मरत होत्या, तेव्हा इशिवाता यांना तो सापडला, दहा वर्षांनी जर्मनीच्या थुरिंजिया भागातून आलेल्या पिठातल्या पतंगाच्या अळीत बर्लिनर यांना तोच सापडला आणि त्या गावाकडचं नाव चिकटलं. हा जिवाणू एक प्रोटीन तयार करतो, बारीक खड्यासारखं. अळीने ते खाल्लं की तिच्या पोटात ते विरघळतं, कारण अळीचं पोट अल्कधर्मी असतं (आपलं आम्लधर्मी, आंबट), मग तिचेच पाचक रस त्याचे तुकडे करतात, आणि तो तुकडा आतड्याच्या अस्तरावर एका ठराविक ठिकाणी जाऊन अडकतो. मी जिभाऊंना सांगितलं की खुंटी समजा. भिंतीला खुंटी आहे तर पिशवी लटकणार, खुंटी नाही तर पिशवी खाली पडणार. अळीच्या आतड्याला ती खुंटी आहे, विष लटकतं, आतड्याला भोकं पडतात, अळी खाणं बंद करते आणि मरते. माणसाच्या, गाईच्या आतड्याला ती खुंटीच नाही.

शास्त्रज्ञांनी त्या जिवाणूतलं हे प्रोटीन बनवायचं जनुक काढून कपाशीत बसवलं. मार्च 2002 मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली, तेव्हा एकच विष होतं, क्राय वन एसी. 2006 ला दोन विषांचं बीजी-टू आलं. आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीची वर्षं भारी गेली. त्याआधी हिरव्या बोंडअळीने लोकांना अक्षरशः रडवलं होतं, हंगामात फवाऱ्यावर फवारे, पाठीवर पंप आणि डोळ्यात पाणी. बीटी आल्यावर ते एकदम कमी झालं. घरं बांधली लोकांनी त्या पैशावर, आमच्या गल्लीतच तीन आहेत. म्हणून बीटीला नुसत्या शिव्या देणारे भेटले की मला राग येतो, आणि बीटीने सगळं सुटलं म्हणणारे भेटले की पण येतो.

तर पुडी.

तेव्हा बियाण्याचं पाकीट 450 ग्रॅमचं यायचं आणि त्यासोबत 120 ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, बिगर-बीटी बियाण्याची. नियम असा होता की बीटीच्या चहूबाजूंनी या साध्या कपाशीच्या पाच ओळी लावायच्या, किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यातलं जे जास्त असेल ते. शास्त्रीय भाषेत याला रेफ्युजिया म्हणतात, आश्रय. कोणाला आश्रय? अळीला! आता तुम्हीच सांगा, हजार रुपये मोजून अळीमारं बियाणं आणलेल्या माणसाला कोणी म्हणालं की बांधाच्या कडेने पाच ओळी अळीच्या जेवणासाठी सोड, तर तो काय म्हणेल? आम्ही ज्या दुकानातून बियाणं घेतलं तिथे आम्हाला सांगितलं गेलं की ती पुडी लावली नाही तरी चालतं, नांग्या (बी न उगवलेल्या जागा) भरायला वापरा. आम्ही नांग्या भरल्या. एका वर्षी तर ती खुंटीवर तशीच राहिली आणि उंदरांनी खाल्ली. का लावायची हे कोणी सांगितलंच नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

का लावायची, ते असं आहे. प्रत्येक अळीत आतड्यातल्या त्या खुंटीची कृती दोनदा लिहिलेली असते, एक प्रत आईकडून, एक बापाकडून. दोन्हीपैकी एक जरी नीट असली तरी खुंटी तयार होते आणि अळी बीटी खाऊन मरते. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच खुंटी नीट होत नाही आणि ती अळी जगते. अशी बिघडलेली प्रत निसर्गात बीटीच्या आधीपासून कुठे कुठे असतेच, लिहिताना चुका होतात तशी. समजा हजार प्रतींमागे एक बिघडलेली आहे (आकडा समजण्यापुरता घेतलाय). तर दोन्ही बिघडलेल्या असण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. दहा लाख अळ्यांमागे एक अळी बीटी पचवणार. ती हुशार नाही, तिने काही शिकलेलं नाही, ती जन्मतःच तशी आहे, आणि ज्या शेतात बीटी नाही तिथे तिला त्याचा काडीचा फायदा नाही.

आता दोन शेतं डोळ्यासमोर आणा. पहिल्या शेतात चहूकडे बीटीच बीटी. दहा लाखातल्या बाकी सगळ्या मेल्या, ही एक उरली, शेजारच्या शिवारातही अशीच एक उरली, दोघांचे पतंग झाले आणि रात्री एकमेकांना भेटले. दुसरं कोणी भेटायला शिल्लकच नाही. दोघांच्याही चारही प्रती बिघडलेल्या, म्हणजे पोरं सगळीच्या सगळी बीटी पचवणारी. आणि एक पिढी साधारण महिना-सव्वा महिन्याची, हंगामात चार-पाच पिढ्या सहज.

दुसऱ्या शेतात कडेने पाच ओळी साध्या कपाशीच्या. तिथे शेकडो साध्या अळ्या आरामात वाढल्या, त्यांचे शेकडो पतंग उडाले. आता बीटीतून वाचलेला तो एक पतंग जोडीदार शोधायला निघाला तर त्याला कोण भेटणार? ह्या शेकडोंपैकीच कोणीतरी. मग पोरांना एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली, खुंटी तयार, बीटी खाल्लं की मेली. म्हणजे त्या पाच ओळी तुमच्यासाठी दर रात्री लग्नं जुळवत होत्या, आणि प्रत्येक लग्नात तो बिघडलेला वंश पुढच्या पिढीत मारला जात होता. इथे जिभाऊ जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मंग हाई आमले तव्हयच का सांगं नही?" ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बरं, मग हिरवी बोंडअळी का नाही अशी बिथरली? तीही बीटीच खात होती की. कारण तिला आपोआप आश्रय मिळालेला आहे. हिरवी बोंडअळी म्हणजे तीच हरभऱ्यातली घाटेअळी, ती तुरीवर जगते, टोमॅटोवर जगते, मक्यावर, ज्वारीच्या कणसावर, काहीही खाते. म्हणजे आपल्या शिवारातली तूर आणि हरभरा हीच तिच्यासाठीची पाच ओळींची कपाशी, न सांगता लावलेली. गुलाबी अळीचं तसं नाही, तिचं सगळं घरदार कपाशीवर, भेंडीबिंडीवर थोडीफार सापडते तेवढंच. आणि देशातली बहुतेक सगळी कपाशी बीटी झाली, मग तिला साधं जेवण उरलंच कुठे? दोन अळ्या, एकच विष, आणि निकाल उलटे, फक्त एकीच्या ताटात चार पदार्थ होते म्हणून.

2009 च्या हंगामात गुजरातमध्ये अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या विषाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडली. पुढे चार-पाच वर्षांत तिथेच बीजी-टू पण कमी पडायला लागलं. आणि 2017 ला आपल्याकडे जे झालं ते कोणी विसरलेलं नाही. आमच्याकडे पहिली वेचणी बरी झाली, दुसरीला बाया म्हणाल्या की बोंडं फुटतच नाहीत, फोडून पाहावी तर आत पिवळट डागाळलेली कवडी आणि गुलाबी वळवळ. वेचणीची मजुरी किलोवर, कवडी वेचायला वेळ दुप्पट, त्यामुळे बाया येईनात, आणि खेडा खरेदीवाला ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर बाहेर काढायचा आणि काही न बोलता नुसतं तोंड वाकडं करायचा. त्याच वर्षी यवतमाळ भागात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ते सगळं एकट्या ह्या अळीच्या खात्यावर टाकता येणार नाही, पांढरी माशी, तुडतुडे पण होते, पण बीटीमुळे पंप कायमचा खुंटीला टांगला जाईल ही आशा तिथे संपली.

आता एक थोडी किचकट गोष्ट, पण मला ती सगळ्यात जास्त आवडते, त्यामुळे सांगणारच. आपल्याकडे कपाशी संकरित, हायब्रीड. जगातली पहिली व्यापारी संकरित कपाशी, एच-फोर, 1970 ला सुरतमध्येच निघाली, सी. टी. पटेल यांनी काढली, त्याचा अभिमान वाटायलाच पाहिजे. पण बीटी जनुक संकरित झाडात टाकलं की त्या झाडात त्याची एकच प्रत असते, आणि मग त्याच्या बोंडात जी सरकी तयार होते ती सगळी सारखी नसते. एका जनुकाचा हिशोब धरला तर चार सरक्यांमागे साधारण एक सरकी बिनविषारी. आणि अळी खाते काय? सरकीच. म्हणजे एकाच बोंडात एक घास विषाचा, एक साधा, असं मिसळलेलं ताट. त्यात झाड जसं म्हातारं होतं तसं ते विषारी प्रोटीनही कमी कमी होत जातं. पूर्ण डोस मिळाला असता तर एक बिघडलेली प्रत असलेली अळीसुद्धा मेली असती, पण असा अर्धामुर्धा डोस मिळाल्यावर त्यातल्या काही तगतात, म्हणजे मघाशी सांगितलेलं दहा लाखातलं एक गणितच कोसळतं. उंदराला अर्धवट विष घातलं की काय होतं ते घराघरात माहीत आहे.

आणि आता चीन बघा. तिथे झालं असं की काही ठिकाणी बियाणं स्वस्तात काढायचं म्हणून बीटी आणि साध्या कपाशीचा संकर करून त्याची पुढची पिढी पेरायला विकली. म्हणजे तोच चारात एकचा हिशोब, पण सरकीत नाही, झाडांत. चार झाडांमागे एक झाड आख्खं साधं. अळी त्या झाडावर जन्मते, तिथेच खाते, तिथेच मोठी होते, मिसळलेलं ताट तिच्या वाट्याला फारसं येत नाही. म्हणजे कोणी ठरवलं नव्हतं तरी प्रत्येक शेतात आश्रय तयार झाला, आणि 2017 साली शास्त्रज्ञांनी आकडे मांडले तेव्हा दिसलं की यांगत्सेच्या खोऱ्यात वाढत चाललेली अळीची ताकद उलटी फिरून कमी झाली होती. पैसे वाचवायला केलेली काटकसर कामी आली! आपल्याकडेही नंतर पाकिटातच थोडं बिगर-बीटी बी मिसळून द्यायला सुरुवात झाली, पुडी टाकून द्यायची सोयच ठेवली नाही, पण तोवर अळी पुढे निघून गेली होती.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी तो आश्रयाचा नियम बऱ्यापैकी पाळला, म्हणून बीटी तिथे टिकलं, आणि वर 2006 पासून प्रयोगशाळेत वाढवून वांझ केलेले अब्जावधी पतंग विमानातून सोडले, म्हणजे जंगली पतंगाला जोडीदार मिळतो पण पोरं होत नाहीत. 2018 ला त्यांनी जाहीर केलं की कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी अळी संपली. हे ऐकून जिभाऊ म्हणाले, आपल्याकडे पण सोडा ना मग. पण त्यांच्याकडे एकेका शेतकऱ्याची शेकडो एकर, आपल्याकडे दोन-पाच एकराचे तुकडे, एकाने केलं आणि बांधापलीकडच्याने नाही केलं की पतंगाला काय सातबारा वाचता येतो?

म्हणून आपल्याकडे आता खरा इलाज बियाण्यात कमी आणि कॅलेंडरमध्ये जास्त आहे. थंडी पडली, दिवस लहान झाले की ही अळी झोपी जाते, शास्त्रात सुप्तावस्था म्हणतात. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत पडून राहते, किंवा शेताच्या बांधावर आपण रचलेल्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) गंजीत, किंवा जिनिंगच्या आवारात. मे-जूनमध्ये ऊब आणि ओल मिळाली की पतंग बाहेर येतात. ह्या पतंगांकडे दिवस मोजकेच. त्या दिवसात शिवारात कपाशीला पातेच नसतील तर अंडी घालायला चांगली जागा नाही, पतंग फुकट मरतात. आणि इथेच आमची मे महिन्यातली ठिबकवाली कपाशी मध्ये येते, कारण जून संपता संपता तिला पाते लागलेले असतात आणि पहिल्या पतंगांसाठी सगळ्या शिवारात तेवढंच एक ताट वाढलेलं असतं. मग तिथे एक पिढी तयार होऊन ती जूनच्या कपाशीवर जाते. सरकारी यंत्रणेने मध्यंतरी काही वर्षं मे महिन्यात बियाणं विकू दिलं नाही त्याच्यामागे कारण हे होतं, आणि लोक शेजारच्या राज्यातून आणायचे ते वेगळं.

दुसरं टोक म्हणजे फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी ठेवायची, चार-दोन क्विंटल जास्तीचे मिळतात. मला कळतं ते, हातात येणारा पैसा कोण सोडेल, मुलीच्या फीला तोच कामी येतो. पण ती फरदड म्हणजे अळीला जेवण चालूच. खरं तर डिसेंबरअखेर वेचणी संपवून शेतात ठेलारींच्या मेंढ्या बसवल्या तर त्या उरलीसुरली हिरवी बोंडं अळीसकट खाऊन टाकतात, वर लेंडीखत मिळतं. माझ्या मते सगळ्यात स्वस्त कीटकनाशक तेच, चार पायांचं.

कामगंधाचं पण सांगतो, कारण विज्ञानाची खरी मजा तिथे आहे. मादी नराला बोलवायला एक वास सोडते, त्याची नेमकी रचना 1973 मध्ये उलगडली. ती नक्कल करून रबराच्या छोट्या तुकड्यात भरतात, सापळ्यात लावतात, नर येऊन अडकतो, एकरी दोन सापळे पुरतात मोजणीला. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले की फवारायची वेळ झाली. त्याच वासाच्या दोऱ्या आता झाडांना ठराविक अंतरावर बांधायला मिळतात, मग शिवारभर वासच वास, नराला कळतच नाही मादी कुठल्या दिशेला आहे. विष नाही, मारणं नाही, नुसतं लग्न मोडणं. जिभाऊंना हे फार आवडलं, गावात अशी कामं करणाऱ्या एकाचं नाव पण त्यांनी घेतलं.

यंदा आमचं असं ठरलं की निम्म्या रानात जूनच्या पावसावरच लावायची, उरलेल्या निम्म्यात त्यांचं ऐकलं, तिथे मेमध्येच लागली. म्हणजे तडजोड, आणि अळीच्या बाजूने बघितलं तर तडजोड तिलाच जास्त सोयीची, हे मी बोललो नाही. सापळे मात्र दोन्हीकडे लावले. मोजायचं काम माझ्याकडे आलं, कारण शिकवलं मीच. काल मेच्या तुकड्यात सकाळी जाऊन पाहिलं तर एका सापळ्यात पाच, दुसऱ्यात सहा. परवा तीन-तीन होते. जिभाऊंना फोन केला तर म्हणाले, पाते पण मस्त लागलेत ना रे?